ओढ्याकाठची माती

आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्यात चिकण माती होती. पिकाला ती कामाची नव्हती. पाऊस झाला की पाणी तुंबायचं, ऊन पडलं की हातभर भेगा. पण कुंभारआबा दर उन्हाळ्यात गाढवं घेऊन यायचे अन् तीच माती भरून न्यायचे. आम्हाला संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट अन् पाण्याचा डेरा त्यांच्याकडून यायचा. 1972 च्या दुष्काळात बलुत्याला घरात दाणा नव्हता, तरी डेरा चुकला नाही.

शाळा सुटली की मी त्यांच्या दारात. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळून पायानं तुडवायची, एवढं मला जमायचं. चाकावर गोळा तिरका जायचा. आबा म्हणायचे, "हात घट्ट धर, मातीला पळू दे. तू कशाला पळतुयास तिच्यामागं?"

चाकावरून उतरलेलं मडकं जाड, बुटकं असतं, हे तिथंच कळलं. जरा सुकलं की आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापीनं ठोकत ठोकत पोट वाढवायचं. आवाज बदलला की थांबायचं. गोरोबाकाकांनी थापी मारून संतांमधला कच्चा ओळखला, ती गोष्ट सांगता सांगता आबा माझ्या डोक्यावर थापी टेकवायचे. "हे बी कच्चंच हाय!"

बेंदराआधी गुरुजी त्यांना शाळेत बोलवायचे. मातीच्या बैलाला वशिंड कसं बसवायचं, हे गावातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडूनच शिकल्या.

थोरल्या लेकीच्या लग्नाच्या साली वीटभट्टीवाला आला. मी तुकड्यातली माती विकली. जेसीबीनं तीन दिवसांत खड्डा केला. आबांच्या कानावर घालावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं, पण गेलो नाही.

उन्हाळ्यात ते गाढवं घेऊन आले. खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या घालणार. "इटंला बी मातीच लागती की," म्हणाले अन् रिकामी गाढवं घेऊन माघारी फिरले.

पुढं ते लांबच्या तळ्यातली माती आणायचे. तिच्यात चुनखडी. बारीक खडा राहिला तरी भाजल्यावर पाणी लागून तो फुलतो अन् टवका उडतो. त्यांचा शेवटचा डेरा माझ्याकडं आहे, पोटावर रुपयाएवढा टवका गेलेला. पाणी मात्र गार होतं.

यंदा बेंदराला नातू म्हणाला, बैल करायचाय. खड्ड्यात उतरून कडेची घमेलंभर माती खरवडून आणली. वशिंड दोनदा गळून पडलं.