तिसरीच्या वर्गातलं वाचन

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,


तुझं पत्र मिळालं. "तिकडे शिक्षण खातंच बंद करतायत म्हणे, मग शाळा चालवणार कोण?" असं तू विचारलंस. तेव्हापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं.

बातमी खरी आहे, पण पुरती नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये केंद्राचं शिक्षण खातं गुंडाळण्याच्या आदेशावर सही केली. त्याच सुमारास जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करायचं ठरलं आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कपातीला तूर्त मुभा दिली. खातं कायमचं बंद करायचं तर काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा कायदा लागतो. तो झालेला नाही. आणि मुळात हे खातं शाळा चालवतच नाही. १९७९ साली कार्टर यांच्या काळात कायदा होऊन ते स्थापन झालं. ते शिक्षक नेमत नाही, पाठ्यपुस्तकं ठरवत नाही. शाळांच्या एकूण पैशातला साधारण दहावा हिस्सा केंद्राकडून येतो. पण तो हिस्सा मुख्यतः गरीब वस्तीतल्या शाळांसाठी आणि दिव्यांग मुलांसाठी असतो, म्हणून मला काळजी वाटते. शाळेत मुलाशी भेदभाव झाला तर पालकांनी दाद मागायची ती या खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, आणि त्याच्या बारापैकी सात प्रादेशिक शाखांना टाळं लागलं. दिव्यांग मुलाच्या आईने आता किती महिने वाट पाहायची?

उरलेला पैसा राज्य आणि गाव मिळून उभा करतात. देशात तेराएक हजार शालेय जिल्हे आहेत. आपल्या जिल्ह्याएवढे मोठे नव्हेत. कधी एखाद्या गावापुरतेच. प्रत्येकाचं आपलं शाळा मंडळ असतं आणि त्याच्या पैशाचा मोठा भाग घरपट्टीतून येतो. घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. टेक्सासातल्या सॅन अँटोनियो शहरातल्या एजवूड भागात १९६८ साली डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी याविरुद्ध दावा लावला. त्यांच्या वस्तीत घरपट्टीचा दर चढा होता, तरी घरांना किंमत नसल्यामुळे हातात पैसा थोडाच यायचा. शेजारच्या सुखवस्तू भागात कमी दराने कितीतरी जास्त जमायचा. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढे कितीतरी राज्यांत पालक आपापल्या राज्याच्या घटनेचा आधार घेऊन लढले, आमच्या न्यू जर्सीतही, आणि काही ठिकाणी जिंकले. पण ताई, त्या एका मताने केवढ्या मुलांचं भवितव्य ठरलं, हे मनात आलं की मला आजही वाईट वाटतं.

सध्या जोराचा वाद चालू आहे तो सरकारी पैसा पालकांच्या हाती देऊन मूल खासगी शाळेत घालू द्यावं का, यावर. १९९० मध्ये मिलवॉकीत गरीब मुलांपुरती याची सुरुवात झाली. २०२२ मध्ये ॲरिझोनाने ती सवलत सगळ्यांना खुली केली. २०२५ मध्ये टेक्सासने त्यासाठी शंभर कोटी डॉलर बाजूला काढले. गरिबाच्या मुलाला चांगल्या शाळेचं दार उघडावं यात गैर काही नाही. पण जे आधीपासूनच खासगी शाळेची फी भरत होते त्यांनाही हा पैसा मिळू लागला, तर सरकारी शाळेच्या वाट्याला काय उरणार?

या सगळ्यात एक प्रश्न मागे पडतो, आणि मला तुझ्याशी बोलायचंय ते त्याविषयीच. वर्गातल्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं?

काही वर्षांपूर्वी मी आठवड्यातून एक सकाळ एका शाळेत वाचनाला मदत करायला जायचे. दुसरीतली एक मुलगी माझ्याजवळ बसून गोष्ट वाचत होती. चित्रात तळं होतं, खाली 'पाँड' लिहिलेलं. तिने बिनदिक्कत 'लेक' म्हटलं आणि पुढे गेली. मी चित्रावर हात ठेवला आणि परत वाचायला सांगितलं. तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चित्र झाकलं तर उत्तर बाईंच्या चेहऱ्यावर सापडेल, असा तिचा हिशेब होता. पोरगी हुशार होती. तिला शिकवलंच तसं होतं: शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, काय शोभेल त्याचा अंदाज कर.

हे एका बाईंचं खूळ नव्हतं. १९६७ साली केनेथ गुडमन यांनी मांडलं, की वाचन म्हणजे एक प्रकारे अंदाज बांधणंच. त्या विचारावर पुढे शिक्षणशास्त्राच्या पिढ्या वाढल्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या लूसी कॉकिन्स यांचा अभ्यासक्रम हजारो शाळांत पोचला. अक्षर आणि आवाज यांची सांगड पद्धतशीर शिकवावी लागते, हे २००० साली संसदेच्या सांगण्यावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट लिहिलं होतं. इंग्रजीचं स्पेलिंग आपल्या बाराखडीसारखं सरळ नाही, तिथे तर याची गरज जास्तच. तरी वर्गात फार काही बदललं नाही. २०२२ मध्ये एमिली हॅनफोर्ड या पत्रकार बाईंच्या ध्वनिमालिकेने हा विषय घराघरांत नेला तेव्हा पालक खडबडून जागे झाले. आज चाळीसच्या आसपास राज्यांनी वाचनाविषयी कायदे केले आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीतली ४० टक्के मुलं वाचनाच्या प्राथमिक पातळीच्याही खाली होती. मग खडबडून जागं व्हायला नको?

आणि वाट दाखवली कोणी, तर मिसिसिपीने. देशातलं अगदी गरीब राज्य, शिक्षकांचे पगार कमी. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात ते जवळजवळ तळाशी होतं. २०२४ मध्ये नववं आलं, सरासरी २१९ गुण, देशाची २१४. २०१३ च्या कायद्याने ठरवलं, की तिसरीच्या शेवटी वाचता आलं नाही तर मूल चौथीत जाणार नाही. बाहेर चर्चा झाली ती याच कलमाची. टीकाकार म्हणतात, कच्ची मुलं मागे ठेवली की चौथीची सरासरी वाढणारच. त्यात तथ्य असेलही. आठवीत मिसिसिपी अजून देशाच्या सरासरीखालीच आहे. आठ वर्षांच्या पोराला नापास करणं माझ्याही मनाला पटत नाही. आपल्याकडे पाचवी-आठवीत नापास करता येणाऱ्या परीक्षेवरून तुम्हा शिक्षकांत काय वाद झाले असतील, ते मी समजू शकते.

पण केवळ नापास करून कुणी वाचायला शिकत नाही. मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. मुलांचं वाचन बालवाडीपासून तपासायचं, मागे पडलेल्याच्या पालकांना तिसरीची वाट न बघता कळवायचं. प्राथमिकच्या शिक्षकांना वाचन मेंदूत कसं घडतं इथपासून सगळं नीट शिकवलं. आणि सर्वांत कच्च्या शाळांत राज्याने आपली माणसं पाठवली. ती तपासणीला येत नसत. वर्गात बसत, स्वतः पाठ घेऊन दाखवत, बाईंचा पाठ बघत, मग दोघी बसून बोलत. पुढच्या आठवड्यात परत येत. कॅरी राइट या शिक्षणप्रमुख बाईंनी ही घडी नऊ वर्षं टिकवली. त्याआधी २००० साली बार्क्सडेल नावाच्या दानशूर दांपत्याने तिथल्या मुलांच्या वाचनासाठी दहा कोटी डॉलर दिलेले होते. म्हणजे पाया वीसेक वर्षांचा. हे दोन वर्षांत झालं असं सांगणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नकोस.

याउलट, २००२ साली बुश यांनी सही केलेला कायदा बघ. तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा आणि २०१४ पर्यंत एकूण एक मूल प्रवीण झालंच पाहिजे. शाळांवर शिक्षेची टांगती तलवार ठेवली, पण बाईंना शिकवायला मदत पुरेशी पोचली नाही. अटलांटात तर काही शिक्षकांनी उत्तरपत्रिकांवरच्या चुकीच्या खुणा खोडून बरोबर केल्या आणि त्यांतल्या काहींवर गुन्हे सिद्ध झाले. २०१५ मध्ये ओबामांनी तो कायदा बदलला. परीक्षा मात्र राहिल्या.

म्हणून तुला एक विचारायचंय, आणि उत्तर सविस्तर हवंय. तुमच्या वाचनाच्या प्रशिक्षणानंतर कुणी तुझ्या वर्गात येऊन बसलं का? केंद्रप्रमुख येतात तेव्हा पाठ बघतात, की माहितीचे तक्ते भरून घेण्यातच वेळ जातो? शिकवताना अडलं तर विचारायला कुणी जाणतं माणूस जवळपास आहे का? आणि दुसरीतली किती पोरं अजून चित्र बघून वाचतात, तेही कळव.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंगल