शिदोरी

बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरात करू न दिलेल्या भाषणात, जातीवर खरा इलाज आंतरजातीय लग्न हाच सांगितला. आपण तो सभेत सांगतो. मी तो घरच्यांपुढं ठेवला, सहस्रकुंडावर. उमरखेड तालुक्याच्या कडेचा पैनगंगेचा धबधबा. माय, आबा, आत्या, अन् ती. मातंगाची पोरगी.

आत्यानं विचारलंच, ‘‘कोनाची व तू?’’ तिनं जात सांगितली, आवाज न पाडता. चाळीस वर्षं निळा झेंडा धरलेला आबांचा हात भाकरीवर थांबला.

मायनं तिच्या फडक्यातली चटणी चाखली. ‘‘लय तिखट हाय व,’’ म्हणाली, अन् आणखी मागितली.

१९५४च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीचे तीस दिवस असतात. गावाला वाचायला तेवढे पुरेत.

आबा अजून बोलले नाहीत. सोमवारी नोटीस देतो.