व्रण आणि बुरशी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो घराघरांतल्या फोटोंवरही उतरतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेली कड, कपाळावर उमटलेला पिवळा डाग, शालूच्या काठावर पसरलेली बुरशी. असे फोटो दुरुस्त करणं हे माझं काम आहे. बाबांचा स्टुडिओ होता त्याच जागेत मी संगणकावर बसते. माउस बाजूला पडलेला असतो. हातात पेन टॅब्लेटचं पेन असतं.

या पेनात बॅटरी नसते. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. तिच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून पेनमधल्या वेटोळ्याला ऊर्जा मिळते आणि पेन कुठे आहे, किती दाबलं आहे, हे ते पाटीला परत कळवतं. आजच्या बऱ्याच टॅब्लेटवर दाबाच्या ८१९२ पायऱ्या असतात. माउसला मात्र दोनच गोष्टी कळतात, दाबलं किंवा सोडलं. सवय व्हायला वेळ लागतो, कारण हात मेजावर आणि नजर पडद्यावर. पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्यावरच्या एकेका बिंदूशी बांधलेला असतो, म्हणून पाटीचं प्रमाण आधी पडद्याशी जुळवून घ्यावं, नाहीतर गोल काढायला जावं आणि लंबगोल उमटावा. मे महिन्यात घामाने तळहात पाटीला चिकटतो. त्यासाठी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा हातमोजा मिळतो. कोकणात तो हवाच.

बाबा रिटचिंग करायचे ते निगेटिव्हवर. उतरत्या मेजावर मागून उजेड, निगेटिव्हवर औषधाचा पातळ हात आणि बारीक पॉलिश पेपरवर लांब टोक काढलेली कडक शिशाची पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. डोळ्यांखालची सावली तिथे पारदर्शक दिसते, तीत शिसं भरलं की प्रिंटवर ती उजळते. एक रेघ जास्त झाली की प्रिंटवर पांढरा ठिपका. बाबांच्या बोटांत जो दाब होता, तो संगणक आल्यावर माउसने आमच्या धंद्यातून काढून घेतला होता. पेनने तो परत आणला, असं मी मनापासून मानते.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे तिथलेच फोटो येत होते. चिखलाने घट्ट झालेले अल्बम. रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे थर एकावर एक असतात. पाण्याने फुगून वरचा निळसर थर आधी जातो, मग किरमिजी, सर्वांत खाली पिवळा. म्हणून पुरातल्या रंगीत फोटोंच्या कडा लाल, मग पिवळ्या आणि शेवटी कोऱ्या पांढऱ्या होतात. तिथे दुरुस्तीला काही उरतच नाही. कृष्णधवल फोटोंतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, ती बरीच तग धरते. (अल्बम भिजला तर तो तसाच सुकू देऊ नका. फोटो स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.)

चिपळूणच्या एका काकूंनी सासूबाईंच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो आणला होता. चेहऱ्यावर सगळीकडे ठिपके. काकू म्हणाल्या, "बुरशी काढा हो, पण आमच्या सासूबाईंच्या तोंडावर देवीचे व्रण होते. ते राहू देत. त्याशिवाय त्या आमच्या वाटायच्याच नाहीत."

डाग एका फटक्यात घालवणारी साधनं भरपूर आहेत. त्यांना ठिपका म्हणजे ठिपका; बुरशी आणि व्रण त्यांना सारखेच. मी मूळ फोटो भिंगाखाली धरला. बुरशी कागदावर बसलेली असते, तिच्या कडांना बारीक तंतू फुटलेले दिसतात. व्रण चित्रातला असतो, म्हणून त्याला चित्रातलाच उजेड असतो. या फोटोत प्रकाश डावीकडून होता, तेव्हा खऱ्या व्रणाची डावी कड काळी आणि उजवी कड उजळ असायला हवी. मोठ्या आकारात स्कॅन करून रंगांचे तिन्ही चॅनेल वेगळे पाहिले. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. व्रण तिन्हींत तसाच राहतो. मग एकेक ठिपका पारखत, शेजारच्या त्वचेचा पोत उचलत, अगदी हलक्या दाबाने बुरशी काढत गेले. काही ठिपक्यांचा निवाडा होईना, ते तसेच ठेवले. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. असे व्रण घेऊन आता कुणी वाढणार नाही, आणि म्हणूनच फोटोतले ते पुसायला मला अधिकच नको वाटतं.

मुंडावळ्यांचं काम वेगळं. उजव्या गालावरून उतरणारा सर चिखलाने मधोमध खाल्ला होता. वरचा आणि खालचा तुकडा शाबूत होता, त्यामुळे सर कुठून कुठे जातो याची खात्री होती. वेगळा लेयर घेतला, ब्रशची जाडी दाबावर ठेवली आणि मनगट न टेकता खांद्यातून हात चालवून एका ओघात रेघ ओढली. कानाजवळ भरीव, हनुवटीकडे निमुळती. मणी त्यानंतर. माउसने ही रेघ तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते आणि तो सांधा डोळ्याला टोचतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात अख्खा चेहरा भरून देते. डोळा सुंदर येतो, पण तो कुणाचा तरी असतो. फोटोत ज्याचा मागमूस उरला नाही ते मी काढत नाही. डोळा गेला असेल तर त्याच माणसाचा दुसरा फोटो मागते, अगदी रेशनकार्डावरचा किंवा मतदार ओळखपत्रावरचाही चालतो. तो नसेल तर जागा करडी ठेवते आणि घरच्यांना तसं सांगते. काही जण नाराज होऊन फोटो परत नेतात. न्यावा.

काकूंना प्रिंटबरोबर दोन फाइल दिल्या, एक दुरुस्त केलेली आणि एक स्कॅन केली तशीच. पाकिटावर पेनाने लिहिलं: उजव्या मुंडावळीचा मधला भाग आणि शालूच्या काठाचा खालचा कोपरा नव्याने काढलेला, चेहरा मूळचा.