दुसरी किल्ली

कमलनगर हे बीदर जिल्ह्यातील, उदगीरच्या वाटेवरील आमचे गाव. तेथील आमच्या गल्लीतल्या देवळाच्या किल्ल्या दोन होत्या. एक तीर्थरूपांच्या करगोट्यास, दुसरी शेजारच्या काकांकडे खुंटीस. दिवाळीच्या पाडव्यास तीर्थरूप आपली किल्ली बाजूस ठेवून काकांची मागवीत, कुलपात तेल सोडीत आणि तिनेच द्वार उघडीत. बालपणी आम्हांस हा निव्वळ रिवाज वाटे. त्यातील शहाणपण कळावयास साठी ओलांडावी लागली.

तीर्थरूप थकल्यावर आम्हांस व्हॉट्सॲपवर बोलके निरोप पाठवीत. उत्सवाचा क्रम, नैवेद्याचे माप, सारे त्यांच्या आवाजात. ते गेल्यावर हा ठेवा राहावा म्हणून आम्ही त्याची प्रत दूरच्या साठ्यात ठेवली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून अशा प्रतीस गूढलेखनाचे कुलूप घालण्याची सोय आहे. ते आम्ही घातले. पडद्यावर ६४ अंकाक्षरांची किल्ली उमटली. आम्ही तिचे छायाचित्र घेतले, ते त्याच फोनमध्ये! पुढे फोन हौदात पडून निकामी झाला. पेटी बंद, आणि किल्ली पेटीत.

ही किल्ली व्हॉट्सॲप चालविणाऱ्यांपाशीही नसते. प्रत्येक स्थानी १६ पर्याय, अशी ६४ स्थाने. अंदाजाने ती सापडणे नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या रत्नभांडारातील आतल्या दालनाची किल्ली २०१८ साली सापडेनाशी झाली. १४ जुलै २०२४ रोजी पर्यायी किल्ल्यांनीही कुलपे उघडेनात, तेव्हा ती तोडावी लागली. तेथे तोडण्याचा उपाय तरी होता. येथे तोही नाही.

किल्ल्यांप्रमाणे फोनमध्ये दाखलेही असतात. पूर्वी धर्मशाळेत परका आला की, "कोणाच्या ओळखीने आलात?" असे विचारीत. बँकेचे संकेतस्थळ उघडताना फोनही तेच विचारतो, आणि कोणाची ओळख मानावयाची याची यादी त्याच्यापाशी असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये तिचे दोन भाग दिसतात : यंत्रासोबत आलेले दाखले आणि मागाहून घातलेले. कचेरीने दिलेला एखादा वगळता दुसरा भाग बहुधा रिकामाच असावा. कोणा अनोळख्याच्या सांगण्यावरून तेथे दाखला घालणे म्हणजे, कोणास आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकारच त्याच्या हाती देणे होय.

आता नव्या फोनची किल्ली आम्ही कागदावर हाताने उतरविली आहे. एक कागद पोथ्यांच्या पेटीत, दुसरा उदगीरला धाकट्या बहिणीकडे. गेल्या पाडव्यास ती आपला कागद घेऊन आली. त्यावरून आम्ही दुसऱ्या फोनवर प्रत उघडून पाहिली. ती उघडली. तीर्थरूपांचा आवाज मात्र तीत नाही.