शिलाईतली माया

बाईमाणसाने आपले वजन छापील पानावर सांगू नये, असा एक संकेत आहे. तो मोडल्याखेरीज पुढचे काही सांगता येणार नाही, म्हणून आरंभीच मोडते. २०२४ सालच्या आषाढात माझे वजन ७८ किलो होते आणि उंची ५ फूट १ इंच. तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून अंथुर्ण्यास मुक्कामाला येते आणि दुसरे दिवशी आमच्या शेळगावच्या बाजूने निमगाव केतकीकडे निघते. लग्न होऊन या घरात आल्यापासून अंथुर्णे ते निमगाव ही वाट दिंडीबरोबर चालण्याचा माझा परिपाठ. त्या वर्षी निम्मी वाटही झाली नसेल, तोच गुडघ्यांनी दगा दिला आणि मी रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारली. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजीबाई माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठी असेल, ती थांबून म्हणाली, "माउली, बसा निवांत. पांडुरंग काय पळून जात नाही." तिच्या बोलण्यात उपहासाचा लेशही नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, कमरेला फीत लावली. आपल्याकडच्या बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. माझा ९८ भरला. मधुमेह झालेला नव्हता, परंतु उंबरठ्यावर येऊन उभा होता. आठवड्याला अर्धा किलोहून अधिक घाई करू नका, असे त्यांनी बजावले. मी काय खाल्ले आणि काय टाकले, याची कहाणी येथे सांगत नाही. कै. डॉ. श्रीकांत जिचकरांनी मांडलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचविलेल्या दोन वेळच्या जेवणावर प्रत्येक कुटुंबात इतका काथ्याकूट झालेला आहे की त्यात माझ्या उसळीची भर नको. भात कमी केला, उसळ वाढवली, पहाटे कालव्याच्या कडेने पाऊण तास चालू लागले, एवढे पुरे. दिवाळीला ७१ झाले, संक्रांतीला ६८.

आनंद व्हावयास हवा होता, आणि झालाही. परंतु दिवाळीच्या पाडव्याला ओवाळावयास उभी राहिले तेव्हा पोलक्याचा खांदा घसरून दंडावर आला, आणि एका हातात ताम्हन असल्यामुळे तो सावरताही येईना. धाकट्या जाऊबाईंनी मागून पदर ओढून वेळ निभावली. त्या क्षणापासून कपडे हा माझ्यापुढचा प्रश्न झाला. वजन उतरविण्याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. उतरत्या दिवसांत अंगावर काय घालावे, हे कोणी सांगत नाही. जुने घालवत नाही, नवे शिवावे तर दोन महिन्यांत तेही सैल होणार. माणूस एका मापाचे राहिलेले नसते आणि दुसऱ्या मापाचे झालेले नसते.

सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत आणि अजून नऊवारीच नेसतात. त्या म्हणाल्या, "आमच्या लुगड्याला माप नाही गं. बाळंतपणात वाढलो, दुखण्यात वाळलो, लुगडं तेच." यात तथ्य आहे. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर वस्त्र. ते कमरेशी खोचावयाचे आणि उरलेले निऱ्यांत जिरवावयाचे. जुनी चोळीही पुढे गाठ मारण्याची. गाठ दोन बोटे अलीकडे घेतली की माप बदलले. पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी सकच्छ नेसावे की विकच्छ, यावर मासिकांतून मोठमोठे वाद झाले. परंतु गोल पातळाबरोबर हुकांचे, टक्सांचे, अंगाबरोबर बसणारे पोलके आले आणि बाईच्या देहाला प्रथमच आकडा चिकटला, ही गोष्ट त्या वादांत कोणाच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे.

आकडा तरी खरा असावा की नाही? मी यांना घेऊन बारामतीस तयार कपडे पाहावयास गेले. एका दुकानात मला 'एक्सएल' सैल होत होते, दुसऱ्यात तेच 'एक्सएल' दंडातून वर जाईना. यांनी उसाच्या गाड्यांचा अनुभव सांगितला: "काटा प्रत्येकाचा निराळा असतो, आपण आपलं वजन घरी करून निघावं." विनोद म्हणून ठीक आहे, पण मापांची ही गोष्ट मूळची तशीच आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९३९-४० साली सुमारे पंधरा हजार बायकांची मापे घेतली आणि त्यांवरून कोष्टके बांधण्याचा खटाटोप केला. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' या नावाने सहा शहरांतील पंचवीस हजारांवर माणसांचे माप यंत्राने घेण्याचे काम अलीकडेच हाती घेतले. तोवर आपण परक्यांच्या कोष्टकांतच अंग कोंबीत आलो. त्या सहा शहरांत पुणेही नाही, मग शेळगावची गोष्ट कशाला!

त्या दिवशी मी दोन चुका केल्या. एक कुडता 'अजून उतरणार आहेच' म्हणून दोन मापे लहान घेतला आणि उत्साहाने खुंटीवर टांगला. तो कुडता महिनाभर माझ्याकडे पाहत होता. सकाळी कपाट उघडले की आधी त्याचे दर्शन. एखाद्या दिवशी पुरणपोळी खाल्ली असेल, तर तो जणू सासुरवास करी. शेवटी तो पुतणीला देऊन टाकला. उद्याच्या देहासाठी आज कपडा घेऊ नये, हे मी त्या कुडत्याकडून शिकले. दुसरी चूक उलटी: सैल कपड्यांतच दिवस काढू म्हणून मी चार महिने परकराची नाडी आवळीत आणि टाचण्या लावीत राहिले. त्याचा परिणाम असा झाला की गावात ज्याला त्याला मी आजारी वाटू लागले. आपल्याकडे अंग भरले तर कोणी विचारीत नाही, वाळले की विचारतात. देवळात एकीने हळूच हात धरून पुसले, "काकू, घरी सगळं बरं आहे ना?" लोंबता कपडा माणसाला दीनवाणे करतो. वजन तेरा किलोंनी उतरले तरी आरशात जर पूर्वीचेच कापड दिसत असेल, तर उतरल्याची खूण मनाला पटत नाही.

मार्ग दाखविला तो आमच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीने. ती पूर्वी बारामतीच्या टेक्सटाइल पार्कमध्ये कामाला जात असे, आता घरीच यंत्र टाकून बसली आहे. तिने माझे तयार कुडते उलटे करून दाखविले. "काकू, यात माया कुठाय बघा. कारखान्यात हजारांनी कापड कापतात, कडेचं बोटभर कापड वाचवलं तरी त्यांचा थानाचा हिशोब बदलतो. ओव्हरलॉक मारून कड कापूनच टाकतात. हे आत घेता येईल, पण पुन्हा सोडता यायचं नाही." माया हा शब्द शिंप्यांच्या बोलीत मी लहानपणापासून ऐकलेला, शिलाईच्या पलीकडे राखून ठेवलेले कापड. ते दिसत नाही, अंगाला लागत नाही, पण गरज पडली की उसवून बाहेर काढता येते. मोठ्या मुलांच्या मुंजीच्या सदऱ्यांत पूर्वी दोन दोन बोटे माया असे.

तिने जे सांगितले ते, उपयोगी पडेल म्हणून, येथे लिहून ठेवते. खांदा पाहून कपडा घ्यावा, पोट पाहून नव्हे. हाड वाळत नाही, तेव्हा खांद्याच्या मापात फारसा फरक पडत नाही, आणि खांदा व मुंढा बिघडला की दुरुस्ती म्हणजे सगळा कपडा उसवणे. कुशीच्या शिलाया आत घेणे मात्र सोपे. छातीत एकंदर दोन-तीन इंचांपर्यंत असे भागते. त्याहून अधिक घेतले तर टक्स भलतीकडे जातात, मग नवेच शिवावे. सलवारीला नाडीच बरी. नवे दोन-तीनच नग घ्यावेत, साध्या सुताचे, आणि ते रोज घालून झिजवावेत. उंची कापडाला अजून हात लावू नये. आतल्या कपड्यांविषयी मासिकात लिहिण्याची चाल नाही, तरी एवढे लिहिते की प्रथम तेच बदलावे. वरचे चांगले बसणे पुष्कळसे त्यांवर अवलंबून असते, आणि नेमके तेच आपण बायका सर्वांत शेवटी बदलतो.

वैशाखात पुण्यास थोरल्या भाचेसुनेच्या मुलाची मुंज होती. तिला नेसावयाच्या पैठणीवर पोलके हवे होते. त्या मुलीने चैत्रात ते शिवले, कुशीला दीड दीड इंच माया ठेवून, आणि हुकांपुढे काजांची दुहेरी ओळ करून दिली. "मुंजीला आतल्या ओळीवर येईल," ती म्हणाली. वैशाख लागला तोवर मी ६५ वर आले होते आणि पोलके आतल्या ओळीवरही सैल पडू लागले. आता तिच्याकडे लग्नसराईची गर्दी. तेव्हा एका दुपारी आमचे जुने पायाचे यंत्र पुसून मीच बसले आणि पहिल्या शिलाईच्या आत अर्धा इंच दुसरी टीप मारली.

येथे मला माझ्या आईविषयी सांगितले पाहिजे. आईचे बालपण पुण्यात गेले. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातील शिवणवर्गात ती शिकली होती, आणि तिच्या हातच्या टिपेला रेघ आखल्याची सफाई होती. १९९६ साली ती कर्करोगाने गेली. त्याआधीचे वर्षभर मी सणावाराला माहेरी जात होते; ती थकलेली दिसे, पण वाळली आहे असे कधी मनात आले नाही, कारण तिचे पोलके तिला नेहमी नीट बसलेले असे. ती गेल्यावर तिच्या दोन साड्या आणि त्यांवरची पोलकी मी शेळगावास आणली. उलटे करून घडी घालताना पाहते तो कुशीला शिलायांच्या तीन ओळी, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, प्रत्येक अर्ध्या अर्ध्या इंचावर. जुनी टीप तिने उसवली नव्हती. कोणाला कळू नये म्हणून ती दर दोन-तीन महिन्यांनी आपले पोलके रात्री आत घेत होती. त्या वेळी सासूबाई माझ्याशेजारी बसून होत्या. त्यांनी ते पोलके माझ्या हातून घेतले, सुलटे केले, आणि न बोलता ट्रंकेत तळाशी ठेवले. त्यावर पुढे आमचे कधी बोलणे झाले नाही.

दिवाळीनंतर सासूबाई माझ्यामागे एकसारख्या का लागल्या होत्या, ते मला फार उशिरा उमजले. "पुन्हा एकदा सगळं तपासून घे," हे त्यांचे पालुपद. मला वाटे, म्हातारपणची चिंता. डॉक्टरांनाही मी हसत हसत सांगितले; ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, प्रयत्न न करता सहा महिने-वर्षात वजनाचा विसावा हिस्सा जरी गेला तरी तपासावेच लागते; तुमचे प्रयत्नाने गेले आहे, तरी त्यांच्या समाधानासाठी तपासू. तपासले. सर्व ठीक निघाले, साखरही उंबरठ्यावरून मागे फिरली होती. कागद मी सासूबाईंना वाचून दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो स्वतः पुन्हा पाहिला, जरी त्यातले आकडे त्यांना कळण्यासारखे नव्हते.

तर त्या दुपारी मी टीप मारून पोलके उलटेच खाटेवर टाकले आणि चहा ठेवावयास आत गेले. परत येते तो सासूबाई ते मांडीवर घेऊन बसलेल्या, हातात पाते. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना जवळचे बरे दिसते. त्या पहिली, बाहेरची शिलाई उसवीत होत्या. एक टाका उचलावयाचा, कापावयाचा, दोरा ओढावयाचा, पुन्हा पुढचा.

मी म्हटले, "आई, राहू दे ना ती. कापडाच्या आतच जाते, कुणाला दिसते?"

"मला दिसते," त्या म्हणाल्या. "नवी टीप मारलीस की जुनी उसवत जा. एका पोलक्याला एकच ओळ ठेव. आणि माया कापू नकोस."

दुसऱ्या कुशीचे टाके मी उसवले. दोऱ्याची तुटलेली टोके त्यांनी वेचून मुठीत घेतली, आणि पोलके सुलटे करून माझ्या खांद्याला लावून पाहिले. मुंजीच्या दिवशी मातृभोजनाच्या पंक्तीत वन्संनी विचारले, "वहिनी, पोलकं नवीन का गं? छान बसलंय." मी काही बोलण्याच्या आतच सासूबाई पानावरून म्हणाल्या, "घरी बसवलंय."