पाय पाहून अंथरूण

जून महिना उजाडला की वसईतील पादत्राणांच्या दुकानांना जत्रेची कळा येते. पहिल्या सरींनी भिजलेल्या छत्र्या दाराशी निथळत असतात, आत काळ्या बुटांची खोकी छतापर्यंत रचलेली असतात आणि बाकावर बसवलेल्या मुलांचे पाय पुढे ओढून आईबापांची घाई चाललेली असते. २०२४ सालच्या जूनमध्ये अशाच एका दुकानात आम्ही उभयता आमच्या धाकट्या कन्येसमवेत गेलो होतो. तिचा मुलगा, आमचा नातू, पहिलीत जायचा होता. विक्रेत्याने त्याच्या पायात बूट चढवला, अंगठ्याने पुढचा भाग दाबून पाहिला आणि ‘बरोबर बसला’ असा निर्वाळा दिला. त्यावर आम्ही दोघे एका सुरात उद्गारलो, ‘एक नंबर मोठाच द्या. वाढते वय आहे. वर्षभर तरी गेला पाहिजे.’

कन्या काही बोलली नाही. तिने पिशवीतून पुठ्ठ्याची दोन पावले काढली. आदल्या संध्याकाळी नातवाला पुठ्ठ्यावर उभे करून तिने त्याच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवली होती आणि ती आकृती कात्रीने कापून आणली होती. तिने एक पाऊल बुटात सरकवले. लांबीला ते नीट बसले; मात्र रुंदीला दोन्ही कडा दुमडून वर आल्या. आम्ही सुचवलेल्या मोठ्या बुटात कडा सुटल्या, पण पुढे दोन बोटे मावतील एवढी पोकळी राहिली आणि चालताना टाच बाहेर येऊ लागली. ‘बाई, वापरून सैल होतो,’ असे विक्रेता पुनःपुन्हा सांगत होता. तरी तिने पाच जोड उघडायला लावले आणि सहावा घेतला. या खटाटोपात पाऊण तास गेला.

परतताना रिक्षात आम्ही नाराजी बोलून दाखवली. एवढ्याशा बुटांसाठी इतका घोळ कशाला? तेव्हा ती म्हणाली, ‘मम्मी, पप्पा, माझे कम्युनियनचे बूट आठवतात तुम्हाला?’

आठवत होते. १९९७ च्या मे महिन्यात तिचा प्रथम कम्युनियनचा सोहळा झाला. त्याआधी तीन वर्षांपूर्वी थोरलीचा झाला होता. थोरलीचे पांढरे बूट आम्ही डांबराच्या गोळ्या घालून खोक्यात जपून ठेवले होते. त्या वर्षी घराचे छप्पर काढले होते आणि हात आखडता होता. बुटांच्या तळव्यावर १ हा आकडा होता. धाकटीच्या शाळेच्या बुटांवरही तोच होता. आकडा जुळला, म्हणून पाय जुळला असे आम्ही गृहीत धरले. बुटांना पांढरे पॉलिश लावले, नव्या लेसी घातल्या आणि काटकसरीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे वर्षभर दर रविवारी मिस्साला ती तेच बूट घालून गेली.

‘ते मला फार लागायचे,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी मिरवणुकीत मी बोटं आत दुमडून चालले होते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘ताईला तर नीट बसले होते. मला वाटलं, माझेच पाय चुकीचे आहेत.’

रिक्षा घरी पोहोचेपर्यंत आम्हाला बोलायला शब्द सुचला नाही. त्याच वर्षी तिच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले होते. आजीने हळदीचा लेप लावला होता आणि वाडीतल्या चिखलात खेळल्याबद्दल आम्ही तिला दटावले होते. दिवाणखान्यात त्या सोहळ्याचे छायाचित्र आहे. त्यात ती एक पाऊल किंचित वर उचलून उभी आहे. सत्तावीस वर्षे आम्ही पाहुण्यांना ते दाखवत आलो, तिच्या उभे राहण्याच्या ऐटीचे कौतुक करत आलो.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयाकडे अधिक डोळसपणे पाहू लागलो. प्रथम तो आकडा. बुटांवरील इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावर बेतलेला आहे. जुन्या इंग्रजी मापात तीन जव म्हणजे एक इंच. आपल्याकडेही आठ यव म्हणजे एक अंगुल असे मोजत असत. एका नंबरापासून दुसऱ्या नंबरापर्यंत एका जवाचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते. मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. हा सारा हिशेब लांबीचा आहे. पाऊल चवड्याशी किती रुंद आहे, पायाची पाठ किती उंच आहे, याविषयी तो आकडा अवाक्षर काढत नाही. एकाच नंबराच्या दोन बहिणींचे पाय निरनिराळे असू शकतात, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

भारतीय पावलांविषयी तर हे विशेष खरे आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजमापे घेण्यात आली. आपली पावले पाश्चात्त्यांच्या मानाने रुंद असतात, असे त्यातून दिसून आले. परक्या पावलांवर बेतलेल्या मापाच्या बुटात आपण आपल्या मुलांचे पाय कोंबत आलो आहोत.

दुसरी गोष्ट मुलांच्या मौनाची. प्रौढ माणसाच्या प्रत्येक पावलात २६ हाडे असतात. बालवयात त्यांचा बराचसा भाग मऊ कूर्चेचा असतो आणि तो पुरता टणक व्हायला किशोरवय उलटावे लागते. मोठ्या माणसाला बूट चावला तर तो लगेच कळवळतो. मुलाचे कोवळे पाऊल दाबाला वाकते, बुटाचा आकार घेते आणि तक्रार करायची राहून जाते. वरून अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली रीतही फसवी आहे, कारण दाब पडताच मूल नकळत बोटे आखडून घेते आणि बुटात जागा असल्याचा भास होतो. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. येथे ज्याचे जळते त्यालाही ते धड सांगता येत नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, कारण पायात काही नव्हतेच. केळीच्या वाडीत, पाटाच्या कडेने, समुद्रकाठच्या वाळूत आम्ही अनवाणीच वाढलो. पाचवीत गेल्यावर पहिली चप्पल मिळाली. ते दारिद्र्य आमच्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आम्ही हौसेने त्यांना बूट घेतले. अशा वेळी १९९२ साली प्रसिद्ध झालेले, मणिपालच्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांचे संशोधन आम्हाला अंतर्मुख करून गेले. त्यांनी चार ते तेरा वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण शेकडा ८.६ आढळले, अनवाणी वाढणाऱ्यांत ते २.८ होते. पुढून बंद असलेल्या बुटांनी अधिक अपाय होतो, असाही त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून कोणी मुलांना अनवाणी शाळेत पाठवू नये. रस्त्यावर काचा आहेत, खिळे आहेत, पावसाळ्यातली घाण आहे. पण मुलाला बूट घेऊन दिला की आपले कर्तव्य संपले, हा आमचा समज मात्र या संशोधनाने पार खोडून काढला.

आता मापाविषयी थोडे. कन्येकडून आम्ही जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या धावपळीने पाऊल किंचित फुगलेले असते. मुलाला टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे. बसलेल्या मुलाचे पाऊल आखूड भरते. पेन्सिल सरळ उभी धरावी. दोन्ही पावलांचे माप घ्यावे आणि जे मोठे भरेल ते खरे मानावे. सर्वांत लांब बोट प्रत्येक वेळी अंगठाच असतो असे नाही. त्या बोटापुढे बुटात मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. तेवढी जागा वाढीसाठी पुरेशी आहे. त्यावर आणखी एक नंबर वाढवला की बूट पायात डुगडुगतो, मूल तो सावरण्यासाठी बोटे आवळते आणि टाचेला फोड येतात. मोजे घालून दुकानात चार फेऱ्या मारायला लावाव्यात. शाळकरी वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते, त्याहून लहान वयात अधिक वेगाने. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा पडताळावे.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दोन-तीन मुलांच्या घरात वर्षातून दोनदा नवे जोड घेणे सोपे नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा, दप्तर द्यावे, पुस्तके द्यावीत. त्यात कमीपणा नाही. आमची अनेक घरे त्यावरच उभी राहिली. बुटाचे मात्र तसे नाही. वापरलेल्या बुटाचा तळ पहिल्याच्या पावलाप्रमाणे दबलेला असतो आणि दुसऱ्याला तो निमूटपणे त्या खळग्यात चालायला लावतो. महाग बूट हवा असेही नाही. साधा, पुढून ऐसपैस, टाचेशी घट्ट आणि चवड्याशी वाकणारा बूट असला की पुरे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या वाडवडिलांनी शिकवले आणि संसारात ते खरेच आहे. पण मुलाच्या पायाचे अंथरूण म्हणजे त्याचा बूट. तेथे पाय पाहून अंथरूण घालावे लागते.

गेल्या काही महिन्यांत नातवाची पुठ्ठ्याची पावले आमच्याच कपाटात जमू लागली आहेत. प्रत्येकावर तारीख आहे. माप घेण्याचे काम आता आमच्याकडे आले आहे. पूर्वी आम्ही मुलांना विचारत असू, ‘बरोबर बसला ना?’ आईबापांच्या तोंडाकडे पाहून मूल त्यावर ‘हो’ म्हणणारच. कन्या नातवाला निराळेच विचारते, ‘कुठे लागतंय?’ आम्हीही आता तसेच विचारतो. पहिल्या खेपेला त्याने थोडा विचार करून डाव्या करंगळीकडे बोट दाखवले.

दिवाणखान्यातले छायाचित्र जागच्या जागी आहे. ते काढून ठेवावे असे आम्हाला वाटले होते, पण कन्येने काढू दिले नाही. ‘राहू द्या, फोटो छान आलाय,’ ती म्हणाली. फोटो खरोखरच छान आहे. फक्त आता त्यापुढून जाताना आमची नजर आधी त्या उचललेल्या पावलाकडे जाते.