केदारनाथाची वाट आणि विम्याचा कागद



रब्बीची मळणी उरकून धान्य घरात आले की वडीलधारी मंडळी हळूच विषय काढतात, "एकदा बद्री-केदार घडू दे रे बाबा." केदारनाथाची दारे अक्षय तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. मृगाच्या पेरणीआधी हाताशी सवड असते ती मे महिन्यात, म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी तेव्हाच निघतात. पैसे मात्र त्याआधी दोन-तीन महिने भरावे लागतात.

वाट मोठी देखणी आहे. ऋषीकेश सोडले की रस्ता नदीच्या कडेने चढू लागतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात व तेथून पुढे नदीला गंगा म्हणतात. रुद्रप्रयागला केदारनाथाकडून येणारी मंदाकिनी अलकनंदेला मिळते. तिच्या खोऱ्यात शिरलात म्हणजे डोंगरउताराकडे जरूर पाहा. पायऱ्यापायऱ्यांची चिंचोळी शेते, प्रत्येक पायरीला दगडी ताल. त्यात मंडुवा, म्हणजे आपली नाचणी, झंगोरा, म्हणजे भगरीच्या जातीचे धान्य, शिवाय राजमा. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला ही शेती पाहून घरची आठवण येईल.

गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची पायी चढण. देऊळ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी खेचरे आणि डोल्या असतात. खेचरवाला, डोलीवाला, चहाच्या टपरीवाला या साऱ्यांचे वर्ष यात्रेच्या सहा महिन्यांवर चालते. आपले जसे खरिपावर, तसेच त्यांचे.

२०२० साली हा हंगाम बुडाला. २२ मार्चपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. २९ एप्रिलला केदारनाथाची दारे उघडली ती मोजक्या माणसांच्या उपस्थितीत. यात्रेकरू कोणी नव्हते. २०२१ सालीही यात्रा स्थगित झाली आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने बंदी उठवल्यावरच ती सुरू झाली. आमच्या भागातल्या एका वृद्ध जोडप्याने कापसाच्या पैशातून यात्रा कंपनीकडे दोघांची पूर्ण रक्कम आगाऊ भरली होती. यात्रा रद्द झाली. "पैसे पुढच्या वर्षी वळते करू," असे उत्तर मिळाले. पुढच्या वर्षी यात्राही झाली नाही आणि पैसेही आले नाहीत. हाती पावती होती, पण तिच्यावर रक्कम आणि सही यापलीकडे एक अक्षर नव्हते.

तेव्हापासून लोक मला विचारतात, "साहेब, पिकाचा विमा असतो तसा यात्रेचा नसतो का?" असतो. पण त्यात काय बसते आणि काय बसत नाही, ते नीट समजून घ्या.

यात्रा दोन कारणांनी बुडते. पहिले, निघण्याआधी घरातले कोणी आजारी पडून दवाखान्यात दाखल होते. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत असे नुकसान भरून मिळते. साथीचा आजार त्यात धरला आहे का, एवढे विचारून घ्यावे. दुसरे, माणसे ठणठणीत आहेत, पण सरकारने यात्राच बंद केली. असे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही. साथीच्या भीतीने आपण होऊन जायचे टाळले, तर तेही बसत नाही. कोणत्याही कारणाने यात्रा रद्द केली तरी चालेल, असे कलम काही पॉलिसींत असते. मात्र त्याचा हप्ता जास्त आणि भरपाई बहुधा अर्धीमुर्धी.

दुसरी गोष्ट वेळेची. पीकविम्याची मुदत उलटल्यावर आभाळाकडे बोट दाखवून कोणी अर्ज घेत नाही. येथेही तसेच. साथीची बातमी जाहीर झाल्यावर घेतलेला विमा त्या साथीपुरता उपयोगी पडणे कठीण. तहान लागल्यावर विहीर खणू नये. आगाऊ रक्कम भराल त्याच आठवड्यात विमा घ्या. मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तो अर्जात लिहा. लपवलेला आजार दावा नाकारायला पुरेसा होतो. वयाची अट, उंचावरची चढण आणि खेचरावरचा प्रवास यांबद्दलही विचारा.

रेल्वेचे ई-तिकीट काढताना रुपयाहून कमी पैशात विमा मिळतो, तो अपघाताचा आहे. यात्रा रद्द झाल्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. मात्र रेल्वेनेच गाडी रद्द केली, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. २०२० साली खिडकीवरच्या तिकिटांसाठी ही मुदत आधी सहा आणि पुढे नऊ महिन्यांपर्यंत वाढवली होती.

म्हणून माझा सल्ला असा. आजारपणासाठी विमा घ्या. यात्राबंदीसाठी मात्र पावतीवर भिस्त ठेवा. आगाऊ रक्कम शक्य तितकी थोडी द्या, उरलेली निघण्याच्या वेळी. "सरकारने यात्रा बंद केल्यास इतके पैसे इतक्या दिवसांत परत" हे वाक्य पावतीवर लिहून सही-शिक्का घ्या. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

एवढे करूनही कोणी दाद दिली नाही, तर गप्प बसू नका. यात्रा कंपनीबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. जिल्हा ग्राहक आयोगही आहे. विमा कंपनीकडे आधी लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

आईवडिलांचे वय थांबत नाही, म्हणून यात्रा लांबणीवर टाका असे मी म्हणणार नाही. अवश्य जा. फक्त पावती, पॉलिसी आणि तिकिटे यांची एकेक प्रत घरी राहणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती देऊन निघा.